संगत आणि मार्क : प्रश्न कुठून आला?

मुलाचे मार्क घसरले की घरात पहिला संशय मित्रांवर जातो. या संशयाची पद्धतशीर तपासणी मात्र अलीकडची.

समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९५७-५८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातली दहा हायस्कूलं निवडली. शाळेत आपली आठवण कशी राहावी, हुशार विद्यार्थी, नामांकित खेळाडू की सर्वांत लोकप्रिय, असं त्यांनी मुलग्यांना विचारलं. सर्वाधिक कौल खेळाडूला मिळाला. वर्गात मान कशाला मिळतो हे शिक्षक नव्हे, मुलंच ठरवतात, हे त्यातून पुढे आलं. १९६६ च्या त्यांच्या सरकारी अहवालाने तर इमारती आणि प्रयोगशाळांपेक्षा घरची परिस्थिती आणि सोबतची मुलं यांना जास्त वजन दिलं.

पण मित्र सारखे असतात ते एकमेकांमुळे, की सारखे असतात म्हणूनच मित्र होतात? समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या मित्रांच्या जोड्या वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासल्या. पुढे किती शिकायचं, या आकांक्षेचाही त्यात समावेश होता. १९७८ मध्ये त्यांनी मांडलं की निवड आणि प्रभाव या दोन्हींचा वाटा जवळपास सारखा आहे. माझ्या मते या इतिहासातलं हेच खरं वळण. 'ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला' या म्हणीत बैल दुसऱ्या कुणीतरी बांधलेला असतो. मुलं आपली दावण स्वतः निवडतात. कुणीतरी बांधून दिलेली संगत अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांना अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या वसतिगृहात सापडली, कारण तिथे खोलीतले सोबती चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरत. २००१ च्या त्या अभ्यासात सोबत्याचा गुणांवर परिणाम दिसला, पण लहान.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो अर्थशास्त्रज्ञ लिओनार्डो बर्स्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला लॉस एंजेलिसमधला प्रयोग. अकरावीच्या मुलांना कॉलेज प्रवेशपरीक्षेची तयारी फुकट देऊ केली होती. काही फॉर्मवर लिहिलं होतं की तुमचा निर्णय वर्गातल्या मुलांनाही कळणार नाही. काहींवर, फक्त त्यांना कळेल. सर्वसाधारण वर्गांत या दुसऱ्या ओळीने नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण ११ टक्के-बिंदूंनी खाली आलं. हुशार मुलांच्या तुकड्यांत फरक पडला नाही. काही मुलं दोन्हीकडे बसत. तीही त्या क्षणी कुठल्या वर्गात आहेत त्याप्रमाणे वागली. म्हणजे इच्छा होती, चारचौघांत दाखवायची सोय नव्हती.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव प्रवेशांबद्दल बोलताना पालकांची धास्ती असते ती संगतीचीच. दिल्लीत २००७ पासून अनेक खासगी शाळांना गरीब मुलं घ्यावी लागली. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या गरीब मुलांच्या सधन वर्गमित्रांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीचे गुण थोडे घटले होते. हिंदी आणि गणितात फरक नव्हता. आणि ही सधन मुलं गरीब मुलांशी भेदभाव कमी करत होती, त्यांच्यासोबत खेळायला जास्त तयार होती.