वीरगळ

लढताना मरण आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडाला वीरगळ म्हणतात. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. तिथल्या ‘वीरगल्लु’वरून मराठीत हा शब्द आला. तमिळनाडूतील नडुकल आणि गुजरातेतील पाळिया ही त्याचीच भावंडे. महाराष्ट्रात शिलाहार आणि यादवांच्या काळातील वीरगळ विपुल आढळतात. सातारा जिल्ह्यातील किकली गावी तर मंदिराच्या आवारात ते ओळीने मांडलेले दिसतात.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. शिळेवर सहसा एकावर एक कोरलेले तीन किंवा चार पट, म्हणजे चित्रचौकटी, असतात. तळाच्या पटात वीर आडवा पडलेला असतो. त्याच्या शेजारी गाई कोरलेल्या असतील, तर तो गोधनाच्या रक्षणासाठी पडला असे समजावे. शेजारच्या मुलखातली जनावरे हाकलून नेणे हा मध्ययुगातल्या चढायांचा नित्याचा भाग होता, आणि जनावरे गेली की गावाची शेती आणि दूधदुभते दोन्ही जात. त्यांच्यामागे धावून जीव देणारा माणूस गावाला देवासारखा वाटावा, यात नवल नाही. वरच्या पटात ढाल-तलवारीची लढाई दिसते. त्याच्या वर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. शेवटच्या पटात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, बहुधा समोर पुजारीही असतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य: ते आकाशात असेतोवर कीर्ती टिकावी, हा त्यांचा अर्थ. शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल, तर तो सतीचा.

कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख असतात. ‘जितेन लभ्यते लक्ष्मीः मृतेनापि सुराङ्गना’ (जिंकल्यास लक्ष्मी, मेल्यास अप्सरा) असा श्लोकही त्यांत येतो. मंड्या जिल्ह्यातील आतकूरचा दहाव्या शतकातला लेख तर विलक्षण आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या रणात चोळांचा पराभव केला. त्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर या वीराने कृष्णाच्या बाजूने लढणारा गंग राजा बूतुग याच्याकडून बक्षीस म्हणून ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढे एका रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघेही मेले, आणि मणलेराने तिच्यासाठी दगड उभा केला. साम्राज्यांच्या युद्धाची हकिगत आणि एका कुत्रीचा मृत्यू एकाच शिळेवर नोंदलेला आहे.

महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ मात्र अक्षरहीन आहेत. म्हणूनच ते मोलाचे आहेत: ताम्रपटांत राजे आणि दान घेणारे येतात, गावासाठी मेलेला माणूस इथेच भेटतो. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि समुद्रावरचे युद्ध कोरले आहे. यादव महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातील, सुमारे 1265 च्या संघर्षाशी त्याचा संबंध जोडला जातो. काही अभ्यासक ते त्याहून जुने मानतात. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातील कदंब राजवटीतल्या वीरगळांतही नौका दिसते.

गावोगावी वीरगळाला शेंदूर फासून भैरोबा, वेताळ म्हणून पुजतात. त्याने कोरीव काम झाकले जाते खरे, पण दगड जागेवर राहतो. पायरीला किंवा बांधाला लावलेल्या वीरगळाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धारात तो हौसेने सिमेंटमध्ये उभा करतात, तेव्हा वरचे लिंग आणि कलश नीट दिसतात, पण हातभर भाग जमिनीत गाडला जातो. तो नेमका तळाचा पट असतो, म्हणजे माणूस कशासाठी मेला हे सांगणारा.