डब्यातलं मोजयंत्र

जपानी माणसाच्या जेवणाच्या डब्याला बेंतो म्हणतात. २०११ साली 'सेफकास्ट' या स्वयंसेवकांच्या गटाने डब्याएवढ्या पेटीत किरणोत्सर्ग मोजणारं गायगर काउंटर आणि जीपीएस बसवलं. त्याचं नाव 'बी-गायगी'. त्यातला 'बी' बेंतोचा.

डब्याची गरज पडली ती एका वर्तुळामुळे. ११ मार्चच्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्या बिघडल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने भोवतालचा २० किलोमीटरचा भाग रिकामा करायला सांगितला. वारा कंपासने काढलेली रेघ कशाला मानतोय? १५ मार्चला तो वायव्येकडे वळला, पाऊस आणि बर्फ पडला, आणि वर्तुळाबाहेरच्या इताते गावावर भट्टीतून सुटलेलं किरणोत्सर्गी सीझियम उतरलं. ते गाव रिकामं करण्याच्या यादीत आलं २२ एप्रिलला.

तोवर प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: माझ्या दारात किती? इथे अख्ख्या भागाची सरासरी कामाची नसते. सीझियम पावसाच्या पाण्याबरोबर वाहतं आणि चिकणमातीला घट्ट धरून बसतं. अंगण ठीक असतं, पण पन्हळीच्या तोंडाशी किंवा गटाराच्या कडेला काटा उसळतो.

म्हणून ही मंडळी पेटी मोटारीच्या खिडकीला बाहेरून अडकवून गल्लीबोळांतून फिरली. दर पाच सेकंदांनी एक नोंद, जागेसकट. सगळ्या नोंदी इंटरनेटवरच्या नकाशावर, कुणीही फुकट वापराव्यात अशा. 'सुरक्षित' की 'धोक्याचं' हे मात्र ते सांगत नाहीत. (नावात 'सेफ' आहे, ही गंमत वेगळी.)

मला हे मौन पटतं, पण पुरेसं वाटत नाही. तासाला १ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) म्हणजे किती? उंचावरच्या विमानात त्याहून जास्त मिळतं. पण विमानातून आपण काही तासांत उतरतो, अंगणात वर्षानुवर्षं राहायचं असतं.

पुढे या पेटीचे सुटे भाग मिळू लागले आणि लोक घरी बसून, स्वतः डाग देऊन ती जोडू लागले. माझ्या मते खरी शिकवणी इथे झाली. यंत्र एकाच जागी ठेवलं तरी आकडा स्थिर राहत नाही, कारण अणू कधी फुटेल याला वेळापत्रक नसतं. मिनिटाला सरासरी ३६ टिकटिक (यंत्राने पकडलेल्या दर किरणामागे एक) असतील, तर कधी ३०, कधी ४२ येणारच. पहिल्यांदा ४२ दिसले की पोटात गोळा येतो. मग दहा मिनिटं तिथेच थांबायचं आणि वहीत लिहीत जायचं.