पातेगळ (कापूस)

कापसाची कळी म्हणजे पाते. पाती आणि कोवळी बोंडे पोसण्याआधीच देठासकट गळतात, त्याला पातेगळ म्हणतात. बोंडांपुरते बोलताना बोंडगळ हा शब्दही चालतो. पातेगळ हा रोग नव्हे. निरोगी, निगा राखलेल्या पिकातही लागलेल्या पात्यांपैकी निम्म्याहून अधिक बोंड फुटण्यापर्यंत पोचत नाहीत.

कापूस मुळात बहुवर्षायू झुडूप आहे. पाने, फांद्या, पाती, फुले आणि बोंडे त्याच्यावर एकाच वेळी वाढत असतात आणि पानांत तयार होणाऱ्या साखरेवर सगळ्यांचाच हक्क असतो. बोंडांचा भार वाढला की ती साखर पुरत नाही आणि झाड नव्याने आलेली, कमी गुंतवणुकीची फळे सोडून देते. आभाळ चार-सहा दिवस भरून राहिले, झाडे दाटीने वाढली किंवा नत्र जास्त होऊन नुसता पाला माजला, तर ही टंचाई लवकर येते. पाण्याचा ताण पडला की गळ होते, तशी ती पाणी साचल्यानेही होते, कारण मुळांना हवा मिळत नाही. ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिले तरी पाती गळतात.

प्रत्यक्ष गळ देठाच्या बुडाशी घडते. फळातून येणारे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक कमी पडले आणि इथिलीन हे वायुरूप संप्रेरक वाढले की तिथल्या पेशींच्या एका पातळ थरात विकरे (एन्झाइम) तयार होतात. ती पेशींना जोडणारे द्रव्य विरघळवतात आणि देठ सुटतो. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक 1960च्या दशकात कापसाच्या कोवळ्या बोंडांतूनच वेगळे केले गेले. नाव गळतीवरून (इंग्रजीत ॲब्सिशन) पडले खरे, पण पाण्याच्या ताणात पर्णरंध्रे मिटवणे हे त्याचे अधिक मोठे काम असल्याचे पुढे कळले.

पाते दिसल्यापासून फूल उमलायला साधारण 3 आठवडे लागतात. उमललेले फूल सहसा गळत नाही. धोका असतो तो त्यानंतरच्या पहिल्या 10-12 दिवसांच्या बोंडाला. फूल उघडे असताना पाऊस आला तर परागकण पाण्याने फुटतात, फलन होत नाही आणि ते बोंड टिकत नाही. कडक उष्म्यातही पराग निकामी होतात. बोंड दोन आठवड्यांचे झाले की मात्र ते क्वचितच सुटते. बोंडअळी आत असली तरी ते बोंड झाडावरच किडत राहते.

म्हणून जमिनीवरचा सडा पाहून लगेच फवारणी करणे घाईचे ठरते. गळलेली पाती उचलून फोडून पाहावीत. अळीने पोखरलेल्या पात्याला छिद्र असते, आत विष्ठा सापडते आणि त्याची बाहेरची तीन दातेरी पाने पिवळी पडून फाकलेली असतात. असे काही नसेल तर कारण पाणी, ऊन किंवा अन्नपुरवठ्यात शोधावे. नॅप्थिल ॲसेटिक आम्लाची, म्हणजे कृत्रिम ऑक्सिनची, सौम्य फवारणी गळ थोडी रोखते. पण भुकेलेल्या झाडाला त्याने साखर मिळत नाही. सुरुवातीची पाती गेली आणि हंगाम शिल्लक असला, तर झाड वरच्या फळफांद्यांवर बरीच भरपाई करते. उशिराच्या गळीला ती सवड नसते.