रजनीशपुरम् : शहर होतं की शेत? (पार्श्वभूमी)

रजनीशपुरम म्हणजे ओशो रजनीश यांच्या संन्याशांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात वसवलेलं शहर. त्याचं नाव निघालं की लोकांना विषबाधा, बंदुका आणि रोल्स रॉइस गाड्यांचा ताफा आठवतो. तो भाग बहुतेकांनी पडद्यावर पाहिलेला आहे, आणि कोरेगाव पार्कातला आश्रम मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पण ज्या भांडणातून पुढची भांडणं फुटली, ते जमिनीच्या कागदांत अडकलेलं असल्यामुळे सहसा कुणी सांगायला बसत नाही.

पुण्यातली जागा अपुरी पडत होती. सासवडकडे आणि कच्छमध्ये मोठा कम्यून वसवायचे बेत फिसकटले. १ जून १९८१ रोजी गुरू, म्हणजे रजनीश, अमेरिकेला गेले आणि जुलैत मध्य ओरेगनमधलं बिग मडी रांच (गुरं पाळण्याचं विस्तीर्ण रान) विकत घेतलं गेलं. जमीन ६४ हजार एकरांहून जास्त, किंमत ५७ लाख ५० हजार डॉलर. गुरं चारून चारून डोंगरउतार उघडे पडलेले. त्याआधीचा तिथला इतिहास म्हणजे मेंढ्या, गुरं आणि धूळ. संन्याशांनी धरण बांधलं, तळं केलं, भाजीपाला पिकवला. हे त्यांचे विरोधकही नाकारत नव्हते.

अडचण होती ती नकाशात. ओरेगनने १९७३ साली राज्यभराच्या जमीन-नियोजनाचा कायदा केला होता. शेतजमिनीवर वस्त्या पसरू नयेत हा त्याचा गाभा, आणि रांच ‘शेतीसाठी राखीव’ रंगात रंगवलेलं. आपल्याकडे प्लॉट एनए करून घेण्याच्या खटपटी सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे तसली वाट फारच अरुंद होती. शेतात राबणाऱ्यांची घरं चालतील. छापखाना, टपालाने पुस्तकं विकण्याचा धंदा, कचेऱ्या चालणार नाहीत. असली कामं जवळच्या गावात न्या, असा कायद्याचा एकूण सूर. जवळचं गाव अँटेलोप, वस्ती जेमतेम ४०-५०, त्यातले बरेच जण निवृत्त. तेव्हा संन्याशांनी तिथे घरं घेतली ती निव्वळ कुरापत काढायला, ही सर्रास सांगितली जाणारी गोष्ट मला अर्धीच वाटते. पुढे कुरापती झाल्या, भरपूर झाल्या. पण पहिली ढकल कायद्याची होती.

दुसरी वाट होती स्वतःचंच शहर स्थापण्याची. शहराची हद्द मिळाली की आतल्या बांधकामाचे परवाने शहरच देणार. त्यासाठी किमान १५० रहिवासी आणि काउंटी कोर्टाची मंजुरी लागे. इथे शब्दाचा एक घोळ आहे. वास्को काउंटीचं हे ‘कोर्ट’ म्हणजे न्यायालय नव्हे. ते काउंटीचा कारभार पाहणारं तीन सदस्यांचं मंडळ, साधारण आपल्या जिल्हा परिषदेच्या वळणाचं, आणि त्याच्या प्रमुखाला म्हणतात ‘जज’. नोव्हेंबर १९८१ मध्ये या मंडळाने २ विरुद्ध १ मतांनी शहरासाठी मतदान घ्यायला मान्यता दिली. ‘कोर्टाने शहराला परवानगी दिली’ असं वाक्य कुठे दिसलं, तर ते या तिघांबद्दल असतं. त्यांनी पुरावे तपासून निवाडा केला नव्हता, बहुमताने निर्णय घेतला होता.

या निर्णयावर पुढची सहा वर्षं वाद चालला. प्रश्न एकच होता : शहर स्थापनेला हिरवा कंदील दाखवताना मंडळाने शेतजमीन वाचवण्याची उद्दिष्टं पाळायला हवी होती का? जमीन-नियोजनावर पाळत ठेवणाऱ्या एका संस्थेचं म्हणणं होतं, अर्थातच. नाहीतर कुणीही रांच घ्यावं, दीडशे माणसं आणावीत आणि कायद्याला वळसा घालावा. शहराचं म्हणणं होतं की कायद्यात असं कुठे स्पष्ट लिहिलेलंच नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं.

दरम्यान १९८२ च्या वसंतात एक उलटसुलट प्रकार घडला. संन्याशांच्या हाती जाऊ नये म्हणून अँटेलोपच्या जुन्या रहिवाशांनी आपली नगरपालिकाच मोडून टाकायचा प्रस्ताव एप्रिलमध्ये मतदानाला ठेवला. तोवर नवे मतदार जास्त झाले होते. ५५ विरुद्ध ४२ मतांनी प्रस्ताव पडला. साधारण महिन्याभराने तिकडे रांचवर मतदान झालं आणि शहराच्या बाजूने १५४, विरोधात शून्य अशी मतं पडली. एका गावाला शहरपण सोडायचं होतं, ते सुटेना. दुसऱ्याला ते हवं होतं, ते मिळालं. नावात ‘पुरम्’ आधीच होतं.

पण शहर म्हटलं की पोलीस आले, सरकारी अनुदान आलं, सार्वजनिक सभा आल्या. इथे मात्र पायाखालची सगळी जमीन धर्मसंस्थेची किंवा तिच्याच कंपन्यांची. ऑक्टोबर १९८३ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी मत दिलं की धर्मसंस्था आणि शासन वेगळं ठेवण्याच्या घटनात्मक तत्त्वाचा इथे भंग होतो, आणि राज्याने खटला भरला. माझ्या मते शहराविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच. शेतजमिनीचा मुद्दा त्या उजाड डोंगरांकडे पाहता जरा ओढूनताणूनच वाटतो.

नंतरची हकीकत झपाट्याने घडली. १९८४ ची काउंटी निवडणूक जिंकण्यासाठी बेघरांना बसमधून आणणं, त्याच काउंटीतल्या द डॅलेस गावात ७५१ जणांना झालेली विषबाधा, सप्टेंबर १९८५ मध्ये गुरूंच्या सचिव मा आनंद शीला यांचं पलायन, गुरूंना अटक, चार लाख डॉलर दंड आणि देशाबाहेर रवानगी. अँटेलोपचं नाव मधल्या काळात ‘रजनीश’ झालं होतं. नोव्हेंबर १९८५ मध्ये गावाने मतदान करून जुनं नाव परत घेतलं. तिथल्या ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी एक पाटी आहे. १९८१ ते ८५ हा काळ तिच्यावर ‘आक्रमण आणि ताबा’ या शब्दांत नोंदवलेला आहे.

१९८५ च्या अखेरीस केंद्रीय न्यायालयाने धर्म आणि शासनाच्या मुद्द्यावर शहराविरुद्ध कौल दिला. जमिनीचा खटला मात्र चालूच राहिला. १९८७ मध्ये ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो शहराच्या बाजूने संपवला : जमीन-नियोजनाच्या कायद्याने शहराची स्थापना वैध. तेव्हा तिथे रस्ते होते, तळं होतं, दोन एकरांहून मोठं रजनीश मंदिर होतं, रहिवासी नव्हते. गुरू त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात परतले होते.

रांच पुढे विकलं गेलं आणि नव्या मालकाने ते तरुणांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेला दिलं. मंदिराच्या इमारतीत आता मुलांचं क्रीडा संकुल आहे.