परितेवाडीचे गुरुजी 'एडटेक उद्योजक' कसे काय? थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात एडटेकचा, म्हणजे शिक्षणातल्या तंत्रज्ञानाचा, विषय निघाला की गाडी माढा तालुक्यातल्या परितेवाडीवर येतेच, आणि हल्ली तिथल्या गुरुजींना, म्हणजे पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणाऱ्या रणजितसिंह डिसलेंना, कुणीकुणी सरळ 'एडटेक उद्योजक' म्हणायला लागलेत म्हणून हे लिहायला घेतलं. ७ कोटींच्या 'ग्लोबल टीचर प्राइझ' या बक्षिसाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती परत सांगत नाही.

आपल्याकडं कॉम्प्युटर आधी आला तो क्लासमधून. एमएससीआयटीची सेंटरं तालुक्याच्या गावी निघाली, सर्टिफिकेट लागायचं म्हणून पोरं जायची. झेडपीच्या शाळेपर्यंत ते यायला वेळ लागला. गुरुजी २००९ ला परितेवाडीत रुजू झाले तेव्हा शाळा म्हणजे पडकी खोली, एका अंगाला गुरांचा गोठा.

आता शब्दाचं. झेडपीत शिक्षकानं काही नवीन केलं की त्याला 'उपक्रम' म्हणतात, आणि करणारा 'उपक्रमशील शिक्षक'. केंद्रशाळेपासून जिल्ह्यापर्यंत हाच शब्द. उद्योजक म्हणलं की भांडवल आलं, माल आला, गिऱ्हाईक आलं. इथं यातलं काय होतं? पुस्तक सरकारचं, पगार सरकारचा, विकायला काहीच नाही. दुसरा घोळ 'शोध' या शब्दाचा. क्यूआर कोड १९९४ ला जपानमध्ये निघाला, मोटारींच्या पार्टचा हिशोब ठेवायला. गुरुजींनी तो शोधला नाही, पाठ्यपुस्तकात आणला, आणि माझ्या मते खरी अक्कल तिथंच आहे, कारण पुस्तक प्रत्येक पोराच्या दप्तरात आधीच फुकट पोचलेलं असतं, चौकोन छापायला वेगळा खर्च जवळजवळ नाही, घरात एकच मोबाईल असला आणि तो दिवसभर बापाबरोबर रानात असला तरी संध्याकाळी कविता ऐकता येते, धड्याचा व्हिडिओ बघता येतो, आणि कोडमागचा मजकूर बदलला तरी पुस्तक तेच राहतं. कोड हा नुसता पत्ता आहे. त्या पत्त्यावर पोराला कळेल असं मराठीत कुणीतरी बसून करायला लागतं, ते काम शिक्षकाचंच.

२०१६ ला डेटा स्वस्त झाला आणि हे सगळं एकदम आवाक्यात आलं. २०१७ ला राज्यानं सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत कोड घालायचं जाहीर केलं, २०१८ ला केंद्र सरकारनंही तोच रस्ता धरला. हे कोड स्कॅन करायचं सरकारी दीक्षा ॲप त्याच काळातलं. मग २०२० चा लॉकडाऊन, शाळा बंद, मोठ्या कंपन्यांचे कोर्स घरोघर, हप्त्यावर सुद्धा. त्याच वर्षी डिसेंबरात ते जागतिक बक्षीस, १० लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून टाकली. धंदा करणारा माणूस भांडवल असं वाटून टाकत नाही, माझा उद्योजक शब्दाला विरोध आहे तो यामुळंच.

२०२२ ला अमेरिकेतल्या शिष्यवृत्तीसाठी मागितलेल्या रजेवरून वाद झाला, चौकशी झाली, जुलैत राजीनाम्याची बातमी आली. चर्चा बहुतेक त्याचीच होते. पुस्तकाची होत नाही. बालभारतीचं कुठलंही नवं पुस्तक उघडा, पहिल्या पानावर एक कोड आणि आत धड्याधड्याला वेगळे.