पेनड्राइव्हवरून ग्राफिक्स कार्डाची पारख

नाशिकला वापरलेल्या ग्राफिक्स कार्डांना गिऱ्हाईक कायम असतं. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपांत साच्यांची डिझाइन चालतात, शिवाय अभियांत्रिकीची मुलं आहेतच. असं कार्ड लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या प्रणालीवर, चालवायचं असेल, तर पैसे मोजण्याआधी लिनक्स भरलेला 8 जीबीचा पेनड्राइव्ह लावून संगणक त्यावरूनच सुरू करून बघाच.

पेनड्राइव्हवरची मूळ प्रणाली फक्त वाचता येते. आपण केलेले बदल रॅममध्ये राहतात आणि संगणक बंद केला की पुसले जातात. 'इन्स्टॉल' दाबलं नाही, तर विकणाऱ्याच्या डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. त्यामुळे त्यालाही हरकत घ्यायचं कारण उरत नाही.

पण पडद्यावर चित्र आलं म्हणजे कार्ड चालतंय, असं धरून चालू नका. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, लागला नाही, तर 'एलएलव्हीएमपाइप' नावाचं सॉफ्टवेअर प्रोसेसरकडूनच चित्रं काढून घेतं. सेटिंग्जच्या 'अबाउट' पानावर ग्राफिक्ससमोर हे नाव दिसलं, तर कार्डाची परीक्षा अजून सुरूच झालेली नाही.

कार्डाच्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी एएमडीचं काम सोपं. 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर 2015 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे, म्हणून पेनड्राइव्हवर जे दिसेल तेच पुढे घरीही मिळेल. खरी गोची एनव्हिडियाची. तिथे बहुतेक वेळा 'नूवो' ड्रायव्हर लागतो. कंपनीने माहिती दिलेली नसताना कार्डांच्या वागण्यावरून स्वयंसेवकांनी तो उलगडत लिहिला आणि 2010 मध्ये तो कर्नलमध्ये आला. हे काम फार मोठं आहे. मात्र जीटीएक्स 900 मालिकेपासून कंपनीने सही केलेल्या फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, अट आली. त्यामुळे 900 आणि 10 मालिकांच्या कार्डांचा वेग नूवोला वाढवताच येत नाही. सुरू होतानाच्या मंद गतीवरच ती चालत राहतात. जुन्या बाजारात ही कार्डं भरपूर असतात, आणि पेनड्राइव्हवर गेम अडखळला म्हणून चांगलं कार्डही परत केलं जातं.

अशा वेळी कंपनीचा ड्रायव्हर आधीच भरलेलं लिनक्स घ्यावं. पॉप ओएसची एनव्हिडियासाठी वेगळी फाइल मिळते. आतल्या ड्रायव्हरची आवृत्ती मात्र बघा, कारण 900 आणि 10 मालिकांसाठी ड्रायव्हरची 580 ही शेवटची शाखा आहे. चालू पेनड्राइव्हवर नंतर ड्रायव्हर टाकायला गेलात, तर तो लागू व्हायला सहसा रिस्टार्ट लागतो आणि रिस्टार्ट झाला की टाकलेलं सगळं जातं.

ड्रायव्हर नीट लागला की अर्धा तास जड थ्रीडी काम द्या. वैशाखात इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाच मिनिटांच्या चाचणीवर विसंबू नये. रंगीत चौकोन, पट्टे किंवा पडदा गोठणं दिसतंय का, ते बघा. मग 'डीमेसेज' (dmesg) ही कमांड देऊन कर्नलची नोंदवही वाचा. एएमडीच्या कार्डावर 'रिंग टाइमआउट' किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर 'एक्सआयडी' (Xid) अशी बिघाडाची नोंद आढळली, तर दोष ड्रायव्हरचाही असू शकतो. दुसऱ्या आवृत्तीचं लिनक्स लावून तीच चाचणी पुन्हा घ्या. तिथेही तीच नोंद आली, तर भाव कितीही उतरवला तरी ते कार्ड घेऊ नका.