स्नीकी पीट

स्नीकी पीट : पूल या बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळाच्या स्टिकचा (क्यूचा) एक प्रकार. वरवर पाहिली तर पूल पार्लरच्या स्टँडमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेली साधी स्टिक, म्हणजे हाउस क्यू. प्रत्यक्षात कारागिराकडून मालकाच्या हाताला बसेल अशी करून घेतलेली, मधोमध पेचाने उघडणारी दोन तुकड्यांची स्टिक. नाव अमेरिकी बोलीतले आहे. तिकडे हलक्या, स्वस्त दारूलाही हेच नाव होते. ठाणे आणि नवी मुंबईच्या पार्लरांत क्यूला सर्रास स्टिकच म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे.

महागड्या स्टिकवर जे जे मिरवले जाते ते इथे गाळलेले असते : मुठीवर गुंडाळलेले आयरिश लिनन, जोडाभोवतीची चकचकीत कडी, शिंपल्याचे जडावकाम. उरते ते लाकूड. लांबी ५७ ते ५८ इंच, वजन १८ ते २१ औंस (सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅम), टिप, म्हणजे बॉलला लागणारे चामड्याचे टोक, १३ मिलिमीटरच्या आसपास. पुढची दांडी म्हणजे शाफ्ट मेपल या कठीण, फिकट लाकडाची. मागच्या भागात, म्हणजे बटमध्ये, वर मेपल आणि खाली शिसवीसारखे गडद लाकूड. ही दोन लाकडे जिथे भेटतात तिथे खरी कारागिरी आहे. दोन्हींना लांब निमुळत्या पाचरी काढतात आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशा त्या बसवून चिकटवतात. याला फुल स्प्लाइस म्हणतात. लेथवर गोलाई आली की गडद लाकडाची चार टोके मेपलमध्ये भाल्यासारखी चढलेली दिसतात. चिकटण्याची जागा लांबवर पसरलेली असल्यामुळे सांधा भक्कम होतो, आणि बॉलवर टिप आदळल्याचा ठोका मागच्या मुठीपर्यंत स्वच्छ पोहोचतो असे खेळणारे सांगतात.

हल्लीच्या स्वस्त हाउस क्यूवर ही टोके अनेकदा नुसती छापलेली असतात. फरक ओळखायला स्टिक उजेडात आडवी धरावी. छापील टोकात लाकडाच्या शिरा दिसतच नाहीत, किंवा मेपलच्याच शिरा रंगाखालून सरळ पुढे जातात. खऱ्या पाचरीच्या कडेला मेपलची शीर तुटते आणि शिसवीची सुरू होते. वेशांतर उघडे पाडणारी दुसरी जागा म्हणजे मधला जोड. तिथे कडी नसते, लाकडावर लाकूड टेकलेले असते. चांगल्या स्टिकवर बोट फिरवले तर काही लागत नाही. डोळे बारीक केले तर केसाएवढी रेघ दिसते.

स्टिक कापून तिची दोन तुकड्यांची स्टिक करण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील ब्रन्सविक कंपनीची ‘टायटलिस्ट’ ही एकसंध हाउस क्यू चार टोकांच्या फुल स्प्लाइसची होती, आणि तिचे लाकूड इतके चांगले की नामवंत कारागीर तिच्यावरच काम करीत. शिकागोचे हर्मन रॅम्बो त्यांपैकी एक. न्यू यॉर्कचे जॉर्ज बालाबुष्का (१९१२–१९७५) यांच्या सुरुवातीच्या स्टिकही टायटलिस्टच्याच बुंध्यातून झालेल्या आहेत.

साधेपणाचा मूळ हेतू मात्र चांगला नव्हता. पैसे लावून खेळणारा मुरलेला खेळाडू स्वतःची स्टिक घेऊन आला की समोरचा सावध होई. म्हणून ती पार्लरचीच वाटावी अशी सोय केली गेली. ही फसवणूकच होती, आणि तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. आज हा प्रकार सर्वांना माहीत असल्याने तो डाव चालतही नाही. तरीही स्टिक टिकून आहे, कारण लाकडाचा दोष झाकायला तिच्यावर कशाचाच आधार नाही. गाठ, वाक, कच्चा सांधा, सगळे समोर दिसते.

ठाणे-नवी मुंबईत दोन तुकड्यांना आणखी एक कारण आहे. ठाण्याहून वाशी किंवा नेरूळला ट्रान्स-हार्बरच्या गर्दीच्या लोकलमधून पाच फुटांची एकसंध स्टिक कोण नेणार? २९ इंचांचे दोन भाग खांद्यावरच्या पिशवीत मावतात. इथले बरेच खेळाडू स्नूकरकडून पूलकडे आलेले आहेत. त्यांच्या हाताला अ‍ॅश लाकडाची, ९ ते १० मिलिमीटर टिपची स्टिक सवयीची असते, ५७.१५ मिलिमीटरच्या पूलच्या बॉलपुढे ती बारीक पडते. पण स्नूकरची स्टिकही मुळात साधीच दिसते, त्यामुळे नटवी स्टिक त्यांना आधीपासूनच परकी.

खाडीकाठच्या हवेत या स्टिकची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. लाकूड सगळ्या दिशांनी सारखे फुगत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने जास्त, त्यांना आडवे कमी. गोल दांडी दमट हवेत किंचित लंबगोल होते. जोडाच्या दोन्ही बाजूंचे लंबगोल एकाच दिशेला असतील असे नाही, म्हणून मे महिन्यात न लागणारी कड जुलैत नखाला लागते. वातानुकूलित पार्लर आणि बाहेरची ओल यांच्यात रोज ये-जा झाली तर शाफ्ट वाकण्याचीही भीती. खेळ झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसून, दोन्ही भाग वेगळे करून, बंद केसमध्ये ठेवणे एवढे तरी करावेच. स्कूटरवर उघडी पिशवी लटकवून घोडबंदर रोडने भिजत नेलेली स्टिक पुन्हा सरळ होईल याची खात्री कोणी देत नाही.

वेशांतर फार चांगले जमले तर मालकालाच त्रास होतो. नौपाड्यातल्या एका पार्लरमध्ये प्रस्तुत लेखकाने आपली स्टिक टेबलाला टेकवून पाणी प्यायला पाठ फिरवली. तेवढ्यात तिथल्या मुलाने टेबल आवरताना ती उचलून स्टँडमध्ये लावली, आणि पुढच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी त्यातून एक-एक उचलून ब्रेक (डावाचा पहिला फटका) मारायला सुरुवातही केली. पोरांच्या हातातल्या आणि स्टँडमधल्या मिळून अकरा स्टिक होत्या, त्या एकेक करून मधोमध पिरगाळून पाहायला घेतल्या. नववी उघडली. तेव्हापासून तिच्या मागच्या रबरी बुचावर ब्लेडने मारलेली एक बारीक खाच आहे.